घरचा हमस: तीळ घ्यायचे की शेंगदाणे, आणि वरून काय?

हमस म्हणजे शिजवलेले चणे, तीळ, लिंबू आणि लसूण वाटून केलेला अरबांकडचा पदार्थ. पहिल्यांदा केला तेव्हा सासूबाईंनी बोटावर घेऊन चाखला आणि म्हणाल्या, "गार झालेलं पिठलंच की गं हे." त्यांचं काही चुकलं नव्हतं. तीळ नावाला, लिंबू त्याहून कमी, पाणी भसाभस ओतलेलं आणि वर कच्च्या लसणाचा भपका. पिठल्याला निदान फोडणी तरी असते.

त्यानंतर बरेच हमस झाले, बिघडलेही बरेच. आता ओळखीत कुणी विचारतं, मुलांच्या डब्याला करावा म्हणते, कसा करू? तर मी आधी उलटा प्रश्न विचारते: कशाबरोबर खाणार आहात? कारण साहित्य मोजकं असलं तरी दर टप्प्यावर दोन वाटा फुटतात आणि प्रत्येक वाटेनं वेगळाच पदार्थ हाती लागतो.

हरभऱ्यापासून सुरुवात करू, कारण ते लवकर उरकण्यासारखं आहे. काबुली चणे घ्या. गावरान हरभऱ्याचं साल जाड, रंग तपकिरी, मिक्सरमध्ये कितीही फिरवा, जिभेला खरखर लागतेच. डब्यातले शिजवलेले चणे मॉलमध्ये मिळतात, पण ४०० ग्रॅमच्या डब्यात पाणी काढल्यावर २४० ग्रॅमच्या आसपास चणे उरतात, तेही खारट. तेवढ्या पैशात सुके चणे कितीतरी येतात. हरभऱ्याची डाळ मात्र विचार करण्यासारखी आहे. भिजवायला रात्रभर लागत नाही, सालाचा प्रश्नच नाही, वाटण लोण्यासारखं होतं. अडचण एकच, शिजत आली की घरभर पुरणाचा वास सुटतो आणि सगळे गूळ शोधायला लागतात. चवीतही तो पुरणाचा गोडसरपणा राहतो. घाईत चालेल, पाहुण्यांना नको.

काबुली चण्यांचा खरा मुद्दा शिजण्याचा आहे, आणि इथे सोलापूर आडवं येतं. नळाचं पाणी काही दिवसांनी एकदा, त्यामुळे स्वयंपाकालाही कधीकधी बोअरचं वापरलं जातं. एकदा बोअरच्या पाण्यात चणे भिजवले, त्याच पाण्यात शिजवले. आठ शिट्ट्या झाल्या तरी दाताखाली कटकन वाजत होते. जड पाण्यातल्या क्षारांमुळे दाण्याचं साल आणि आतला भाग घट्टच राहतो. खायचा सोडा याच्या नेमका उलट काम करतो, साल मऊ पाडतो. म्हणून एक वाटी, म्हणजे साधारण २०० ग्रॅम चण्यांना पाव चमचा सोडा, दहा-बारा तास भिजवण, आणि शिजवायला नळाचं किंवा फिल्टरचं पाणी. एक शिट्टी झाली की गॅस बारीक करून वीस-पंचवीस मिनिटं. दाणा दोन बोटांत धरला की पेढ्यासारखा दबला पाहिजे. आमटीला चालतो तेवढा शिजलेला दाणा इथे चालत नाही. एप्रिल-मेमध्ये चणे बाहेर भिजवू नका, सकाळी फेस येऊन आंबट वास मारतो. फ्रिजमध्येच ठेवा.

सालं काढायची का? सोडा घातला असेल तर अर्धी आपणहून पाण्यावर तरंगतात, ती ओतून द्या. उरलेली एकेक सोलत बसायचं तर हाताशी गप्पा मारणारं कुणीतरी हवं.

आता खरी निवड.

तीळ की शेंगदाणे? सोलापुरात हा प्रश्न साधा नाही. शेंगाचटणी आपल्या रक्तात आहे. ताहिनीची, म्हणजे वाटलेल्या तिळाच्या पातळ लगद्याची, बाटली महाग, ती उघडून महिनाभर फ्रिजच्या दारात पडून राहणार, आणि डब्यात भाजलेले शेंगदाणे तर कायमच असतात. तेव्हा तिळाच्या जागी दाणे घातले तर काय बिघडतं?

मी दोन्ही एकाच दिवशी करून बघितले. चणे, लिंबू, मीठ तेच, फक्त एका वाटीत तीळ आणि दुसऱ्या वाटीत सोललेले, भाजलेले दाणे. दाण्यांचा पहिला घास जास्त आवडतो, हे कबूल करते. गोडसर, भरीव, ओळखीचा. पण तिसऱ्या-चौथ्या घासाला तो जिभेवर बसतो. लिंबू दबतं, जिरं दाण्याच्या कुटातल्यासारखं लागतं आणि चणा कुठेतरी हरवतो. खाणाऱ्याला वाटतं, ही ओली शेंगाचटणीच, फक्त तिखट घालायचं राहिलं. तिळाच्या वाटीत पहिला घास जरा परका वाटतो. तिळाला शेवटी एक बारीकसा कडवटपणा असतो, तो लिंबाला धरून ठेवतो, त्यामुळे चण्याचा पिठूळपणा जड होत नाही. वाटी संपली ती तिळाचीच. दाण्यांची सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी भाकरीबरोबर संपवली, आणि त्यांच्या मते तीच बरी होती. म्हणजे घरात यावर एकमत नाही.

अरबीत हमस या शब्दाचा अर्थच मुळी हरभरा. पदार्थाचं पूर्ण नाव 'हुम्मुस बि ताहिना', ताहिनीतला हरभरा. म्हणजे तीळ ही वरची सजावट नाही, पदार्थाच्या नावातच आहेत. हा पदार्थ नक्की कुणाचा यावरून लेबनॉन आणि इस्रायल यांच्यात एवढी चुरस, की २०१० मध्ये लेबनॉनच्या आचाऱ्यांनी १०,४५२ किलोंचा हमस करून गिनीजमध्ये नोंद केली. देशाचं क्षेत्रफळ १०,४५२ चौरस किलोमीटर, म्हणून वजनही तेवढंच! एवढं भांडण, पण त्यात तीळ असतात याबद्दल कुणाचं दुमत नाही.

तेव्हा माझं मत तिळाकडे. मात्र ताहिनी विकतची हवीच असं नाही. पॉलिशचे पांढरे तीळ आणा. गावरान तीळ सालासकट असतात, त्यांची ताहिनी काळपट आणि कडू होते. वाटीभर तीळ मंद आचेवर चार-पाच मिनिटं परता, रंग बदलायच्या आत उतरवा. संक्रांतीच्या लाडवाइतके खमंग भाजले तर हमसला चिक्कीचा वास येतो. गार करून मिक्सरमध्ये दोन-तीन मोठे चमचे बिनवासाचं तेल घालत फिरवा. आधी कूट होतो, मग गोळा, आणि थांबून थांबून कडा खरवडत राहिलात की शेवटी धार पडते. विकतच्या ताहिनीएवढी रेशमी होत नाही, पण हमसमध्ये गेल्यावर फरक फारसा उरत नाही. शेंगदाणेच वापरायचे असतील, म्हणजे तिळाची अ‍ॅलर्जी असेल किंवा घरात तीळच नसतील, तर तिळाच्या निम्मेच घ्या आणि लिंबू वाढवा.

वाटण्याचा क्रम चुकला की सगळं चुकतं. वाटीभर सुक्या चण्यांना अर्धी वाटी ताहिनी. आधी दोन लिंबांचा रस, गावरान लसणाच्या तीन-चार बारीक पाकळ्या आणि चमचाभर मीठ एकत्र फिरवून दहा मिनिटं तसंच ठेवा. लसणाचा उग्रपणा तो ठेचल्यावर तयार होतो, आणि आंबटपणात ती प्रक्रिया मंदावते. माझ्या पहिल्या हमसमधला भपका एवढ्यानंच गेला असता. मग ताहिनी घाला. ती घट्ट होऊन गोळा धरेल, घाबरू नका. बर्फाचं पाणी चमच्या-चमच्यानं घालत फिरवलं की एकदम सैल होऊन पांढरी पडते. त्यानंतरच चणे, कोमट असताना, आणि अर्धा चमचा जिरेपूड. मे महिन्यात मिक्सरचं भांडं हाताला चटका देईल इतकं तापतं, म्हणून बर्फ हवाच.

दही घालून आंबटपणा आणणारे आहेत. चव वाईट नाही, पण मग ते चण्याचं रायतं होतं आणि उन्हाळ्यात दुपारच्या डब्यापर्यंत टिकेल याची खात्री नाही. चिंच घालून बघितली, रंग चिखलासारखा झाला. लिंबूच.

आता चवी बदलण्याचं. इथे दोन पद्धती: हमसमध्येच काही वाटून टाकायचं, किंवा साधा हमस ठेवून वरून घालायचं. मी बराच काळ पहिलीच पद्धत वापरली आणि त्यात सगळ्यात मोठी फजिती कारळ्याची झाली. कारळ्याची चटणी घरात होती, म्हटलं दोन चमचे वाटणात टाकून बघू. हमस सिमेंटच्या रंगाचा झाला. चव बरी होती, पण ताटात वाढल्यावर कुणी हात लावेना.

आत वाटण्यात बीट चालतं, पण ते मुख्यतः रंगासाठी. कुकरमध्ये उकडलेल्या बिटानं हमस पाणचट होतो. बीट भाजून घ्या आणि लिंबू जरा जास्त घाला. डब्यात गुलाबी काही दिसलं की मुलं निदान उघडून बघतात. कोथिंबीर-हिरवी मिरची वाटून टाकली तर हमस सँडविचच्या चटणीच्या वाटेला लागतो. ब्रेडला लावायचा असेल तर उत्तम, नुसता खायला कंटाळवाणा. भाजलेलं वांगं मला यात सगळ्यात आवडतं. भरताचं वांगं गॅसवर काळंठिक्कर भाजून, पाणी निथळवून, चण्यांच्या निम्मं घ्यायचं. धुराचा वास तिळाशी असा जमतो की लसूण कमी केला तरी चालतो. आणि थंडीत, हुरड्याच्या दिवसांत ओला हरभरा आला की मूठभर सोललेले हिरवे दाणे दोन मिनिटं उकळून काबुली चण्यांत मिसळा. हे वर्षातून महिनाभरच जमतं, ते सोडू नये.

बाकी सगळं वरून. दाणे आत वाटले की चणा हरवतो हे सांगितलंच, शेंगाचटणीचंही तेच. तीच चटणी वर भुरभुरली तर उलटं होतं. थंडगार, आंबूस, मऊ हमस आणि त्यात मध्येच दाताखाली येणारा तिखट, तेलकट, लसणाचा कण. उखळात कुटलेली, तेल सुटून गोळे धरणारी चटणी घ्या, मिक्सरची कोरडी भुकटी नको. ताटात हमस पसरून चमच्याच्या पाठीनं गोल खळगा करायचा, खळग्यात तेल, कडेनं चटणी.

तेल कुठलं? ऑलिव्ह ऑइल असेल तर घाला, ते तिथलंच आहे. पण घाण्याचं करडईचं तेल घालून बघा. चटणी-भाकरीवर कच्चं तेल घ्यायची आपल्याकडे सवय आहेच. करडईचा वास सौम्य, तिळावर कुरघोडी करत नाही. घाण्याचं शेंगदाणा तेल करतं, त्यामुळे ते नको.

चटणी ज्यांना तिखट होते त्यांच्यासाठी डाळिंब. भगवा जातीच्या डाळिंबाचे दाणे, भाजलेलं जिरं, चिमूटभर तिखट. दिसायला हे सगळ्यात देखणं, पण दाणे वाढायच्या वेळीच घाला, नाहीतर पाणी सुटून हमसला लाल ओघळ येतात. दोन्ही एकत्र मात्र घालू नका, गोड दाणा आणि लसूण एकमेकांना खातात.

साधा हमस फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहतो, लसूण दुसऱ्या दिवशी जरा चढतो. जास्त करून ठेवायचा असेल तर हमसपेक्षा शिजवलेले चणे फ्रीजरमध्ये ठेवणं बरं. आणि हो, उपवासाला चालतो का असं दर वेळी कुणीतरी विचारतंच. नाही, हरभरा आहे तो.

राहिला तो पहिला प्रश्न, कशाबरोबर. पिटा ब्रेड शोधत फिरायची गरज नाही. ज्वारीची कडक भाकरी अंगठ्यानं दाबून मोडायची आणि तिच्या तुकड्यानं हमस उचलायचा, यापेक्षा चांगली जोडी मला अजून सापडलेली नाही. फक्त हमस घट्ट असला तर तुकडा त्यातच मोडतो आणि बोटं घालून काढावा लागतो. म्हणून कडक भाकरीसाठी बर्फाचं पाणी दोन चमचे जास्त घाला, हमस चमच्यावरून सावकाश घसरला पाहिजे. धपाट्याबरोबर खायचा असेल तर तेच पाणी कमी करा आणि मिरची आत काहीच नको, धपाट्यात ती असतेच. काकडी-गाजराबरोबर डब्यात द्यायचा असेल तर आणखी घट्ट, झाकण उघडताना दप्तरात सांडणार नाही इतका.