पाप न करता जगता येतं का? चार शिकवणी शेजारीशेजारी ठेवून

माझी भाची घणसोलीला राहते. गेल्या उन्हाळ्यात ती एका नव्या स्वतंत्र ख्रिस्ती मंडळीला, ‘फेलोशिप’ला, जायला लागली आणि तीन महिन्यांत तिनं प्रभुभोजन घेणं बंद केलं. मी कारण विचारलं, तर म्हणाली, “मामा, नवा जन्म झालेला माणूस पाप करतच नाही, असं तिथं शिकवतात. योहानाच्या पत्रात तसं लिहिलंयच. आणि मी परवाच आईवर ओरडले. म्हणजे माझा नवा जन्म झालेलाच नाही ना?”

तिच्या वडिलांचं उत्तर ठरलेलं: “माणूस आहे, चुकणारच.” शेजारीण उत्तनची, ईस्ट इंडियन कॅथलिक, ती सांगते, कुमसार (फादरपुढे पापांची कबुली) कर आणि मोकळी हो. माझं आजोळ मेथडिस्ट असल्यामुळे माझी आजी म्हणायची की देव याच जन्मात मन पूर्ण शुद्ध करू शकतो. चौघंही ख्रिस्ताचीच नावं घेणारी आणि चौघांची उत्तरं चार. ठाण्याहून पनवेलकडे जाणाऱ्या लोकलमध्ये रविवारी सकाळी बायबलं घेतलेली माणसं बघा, या चारही शिकवणींची माणसं एकाच डब्यात सापडतील. त्यातलं कुणाचं धरायचं, हे ज्यांना ठरवायचंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी पाळक नाही. पण हा प्रश्न वीस वर्षं माझ्या उशाशी आहे.

आधी ते वचन. योहानाच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात नववी ओवी म्हणते की जो देवापासून जन्मला तो पाप करत नाही, त्याच्याकडून ते होऊच शकत नाही. त्याच पत्राच्या पहिल्या अध्यायात आठवी ओवी म्हणते की आपल्यात पाप नाही असं म्हटलं, तर आपण स्वतःलाच फसवतो. एकच लेखक, तेच पत्र, मध्ये दोन पानंसुद्धा नाहीत. भाचीला तिथं पहिलं वचन दहादा ऐकवलं होतं, दुसरं एकदाही नाही.

मराठी माणसाला हे कोडं तसं अवघड जाऊ नये. “मी चहा पीत नाही” असं आपण म्हणतो तेव्हा सवय सांगत असतो. परवा एका मयताच्या घरी घोटभर घेतला म्हणून ते वाक्य खोटं ठरत नाही. योहानाच्या ग्रीक क्रियापदांतही चालू राहणारी क्रिया आहे, असं बरेच अभ्यासक मानतात: पापात रमून राहणं, तेच जगणं करणं. नुसत्या व्याकरणावर सगळं तोलून धरता येत नाही, हे मलाही मान्य आहे. पण दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्याच ओवीत योहान स्वतः उलगडा करतो. तुम्ही पाप करू नये म्हणून हे लिहितो, असं म्हणतो आणि लगेच पुढे, कुणी केलंच तर पित्याजवळ आपला कैवारी आहे. पहिलं वाक्य ढिलाई काढून घेतं आणि दुसरं निराशा. चारही शिकवणी तपासताना ही दोन्ही वाक्यं एकत्र कुठं टिकतात, ते मी बघतो.

आता एक प्रसंग सांगतो, कारण शिकवणींचा फरक पुस्तकात कळत नाही, व्यवहारात कळतो. मी वाशीच्या घाऊक बाजारात एका गाळ्यावर दिवाणजी आहे. काही वर्षांपूर्वी आमचा काटा बिघडला आणि दर गोणीमागे तीनशे ग्रॅम कमी दाखवायला लागला. चार दिवस कुणाच्याच लक्षात आलं नाही. पाचव्या दिवशी सकाळी रिकामा काटा शून्यावर येत नाही, हे मी पाहिलं. मला कळलं. तरी दुपारपर्यंत मी गप्प बसलो, कारण गाळ्यावर गर्दी होती, शेठ आधीच चिडलेले होते आणि बोललो असतो तर सगळं थांबलं असतं. तेवढ्या वेळात बासष्ट गोण्या तोलल्या गेल्या. साडेअठरा किलोंहून जास्त कांदा कुणा शेतकऱ्याच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशोबातून, गेला आणि पट्टी माझ्या हातची. दुपारी मी सांगितलं. शेठनं पाचही दिवसांची भरपाई करायला लावली. पण ते चार दिवस आणि तो अर्धा दिवस, हे दोन्ही पाप का? एकाच जातीचं का?

मेथडिस्ट परंपरा इथं स्पष्ट रेघ ओढते. तिचा जनक जॉन वेस्ली, त्यानं पापाची व्याख्या केली ती अशी: देवाची ठाऊक असलेली आज्ञा जाणूनबुजून मोडणं. त्या मापानं पहिले चार दिवस खऱ्या अर्थानं पाप नव्हेत. अर्धा दिवस मात्र नक्कीच पाप. आणि असा अर्धा दिवस टाळता येतो, देवाची प्रीती मन पूर्ण व्यापेल इतकी कृपा याच जन्मात मिळू शकते, असं तो शिकवत होता. ‘ख्रिस्ती पूर्णता’ म्हणतात ती हीच. मुक्तिफौजेच्या (साल्व्हेशन आर्मीच्या) सिद्धान्तांतही हाच धागा आहे, कारण तिचा संस्थापक विल्यम बूथ मूळचा मेथडिस्ट. 1882 साली ही फौज मुंबईत उतरली आणि पुढे आमच्या नगरकडे तिनं मूळ धरलं.

पण वेस्लीच्या नावावर जे खपवलं जातं, ते सगळं त्याचं नव्हे. पूर्णतेला पोचलेला माणूस चुकत नाही, अजाण राहत नाही, मोहात पडू शकत नाही, असं तो कधीच म्हणाला नाही. नकळत झालेल्या चुकांनाही ख्रिस्ताच्या रक्ताची गरज आहे, असं तो बजावायचा. ‘निष्पाप पूर्णता’ हा शब्दप्रयोग तो स्वतः टाळत असे. आणि आपण ती अवस्था गाठली, असा दावा त्यानं अखेरपर्यंत केला नाही. 1791 साली सत्त्याऐंशी वर्षांचा होऊन गेलेल्या या माणसानं जे स्वतःबद्दल म्हटलं नाही, ते कुणी तीन महिन्यांच्या विश्वासी मुलीकडून मागावं?

ल्यूथर आणि कॅल्विन या सोळाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट सुधारकांच्या वाटेनं गेलेल्या मंडळ्या काट्याकडे वेगळ्या नजरेनं बघतात. त्यांच्या लेखी चारही दिवस पाप आणि अर्धा दिवसही पाप, कारण देवाच्या नियमाला जे उणं पडतं ते पाप, तुम्हाला ठाऊक असो वा नसो. नकळत चुकणाराही दोषी, हे जुन्या करारातल्या लेवीयच्या पाचव्या अध्यायात आहेच. एवढ्यावर ते थांबत नाहीत. दुपारी मी खरं बोललो, ते किती शेतकऱ्यासाठी आणि किती पकडलो जाऊ या भीतीनं? हा प्रश्न मला अजून टोचतो. आणि तो टोचतो म्हणूनच मला वाटतं की या परंपरेला माणसाचं मन जास्त कळलंय. विश्वासी एकाच वेळी नीतिमान आणि पापी, हे ल्यूथरचं म्हणणं. 1517 च्या त्याच्या पंचाण्णव मुद्द्यांतला पहिलाच मुद्दा सांगतो की विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्य पश्चात्तापाचं असावं.

हिची दुसरी बाजू मी लपवणार नाही. “माणूस आहे, चुकणारच” हे भाचीच्या वडिलांचं वाक्य याच शिकवणीचं कुजलेलं रूप आहे. कॅल्विनच्या वाटेच्या मंडळ्या जी शिकवतात त्या 1563 च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीत विचारलंय की देवाकडे वळलेल्यांना आज्ञा पूर्णपणे पाळता येतात का. उत्तर: नाही, अतिशय पवित्र माणसांनाही या जन्मी या आज्ञापालनाची लहानशी सुरुवातच करता येते. लोक इथं थांबतात. उत्तर मात्र पुढे चालू राहतं: तरीही ते सगळ्या आज्ञांप्रमाणे, काही निवडक नव्हे, जगायला मनापासून लागतात. हा उत्तरार्ध जिथं गाळला जातो तिथं घरात पंधरा-पंधरा वर्षं तोच राग, तीच दारू चालते आणि रविवारी तीच कबुली वाचली जाते.

कॅथलिक शिकवणीबद्दल आम्हा प्रोटेस्टंटांत फार गैरसमज आहेत. कुमसार म्हणजे पाटी पुसून पुन्हा लिहायची सोय, असं आमच्या मंडळीत सर्रास बोलतात. मी लहानपणी तेच ऐकलं. प्रत्यक्षात 1547 साली कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेनं दोन गोष्टी शेजारीशेजारी ठेवल्या. नीतिमान ठरलेल्या माणसाला देवाच्या आज्ञा पाळणं अशक्य आहे, असं म्हणायचं नाही. आणि कुणी माणूस आयुष्यभर सगळी लहान पापंसुद्धा टाळू शकतो, असंही म्हणायचं नाही. देवाचा खास वर असेल तर गोष्ट वेगळी, आणि तो पवित्र मरियेला होता, असं चर्च मानतं. म्हणजे गंभीर पापावाचून जगता येतं, लहान पापांवाचून आयुष्य काढता येत नाही. आतली ओढ, वासना, बाप्तिस्म्यानंतरही उरते. पण तिला होकार देईपर्यंत ती पाप नव्हे. ल्यूथरवाल्यांशी खरा खटका इथं उडतो. ते त्या ओढीलाच पाप म्हणतात.

माझ्या काट्याचं काय? चार दिवस मी दोषी नाही, पण माल परत देणं लागतोच. अर्धा दिवस दोषी. कबुली हवी आणि भरपाईही हवी. हा ‘परत दे’ भाग मला मनापासून आवडतो. आमच्याकडे डोळ्यांत पाणी आणून प्रार्थना होते, पण शेतकऱ्याचे पैसे कुठं आहेत, असं क्वचितच कुणी विचारतं.

या सगळ्यांच्या मध्ये केझिकची वाट आहे. 1875 पासून इंग्लंडातल्या त्या गावी मेळावे भरत आले. पापी स्वभाव नाहीसा होत नाही, पण आत्म्याच्या सामर्थ्यानं तो दबून राहतो, असा त्यांचा सूर. पंडिता रमाबाई 1898 मध्ये तिथं गेल्या होत्या. 1905 मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये जागृती झाली, तेव्हा मुली आपली पापं बोलून रडल्या, माफी मागत एकमेकींकडे गेल्या. आपल्या मातीतली पवित्रतेची सगळ्यात मोठी लाट आली ती अशी. आम्ही पाप करत नाही, अशी घोषणा करत ती आली नाही.

राहिली भाचीची फेलोशिप. नवा जन्म म्हणजे पाप संपलं, उरलं तर जन्मच झाला नाही. मी त्यांच्या दोन सभांना बसलो. भक्ती खरी होती, उपवास खरे होते. ते मी नाकारणार नाही. पण शब्द बदललेले दिसले. रागाला ‘आत्म्याचा आवेश’, खोट्याला ‘शहाणपण’, चहाडीला ‘प्रार्थनेचा विषय’. पाप होत नाही असं एकदा ठरलं की घडलेल्याला दुसरं नाव द्यावंच लागतं. आणि ज्यांना असं नाव बदलणं जमत नाही, अशी भाचीसारखी सरळ मुलं प्रभूच्या मेजापासून उठून जातात. या शिकवणीची मला भीती वाटते ती इथं. माझा अर्धा दिवस या मंडळीत कुठं ठेवायचा? एकतर तो घडलाच नाही, नाहीतर मी ख्रिस्ताचा नाहीच.

हा वाद नवाही नाही. माणूस ठरवलं तर निष्पाप राहू शकतो, असं शिकवणाऱ्या पेलाजियसच्या शिकवणीवर 418 साली उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजला बिशप जमले होते. प्रभूच्या प्रार्थनेत “आमची ऋणे आम्हांस सोड” असं संतसुद्धा म्हणतात ते केवळ नम्रतेपोटी, असं कुणी म्हणू लागलं होतं. परिषदेनं ते नाकारलं: संत ते म्हणतात, कारण ते त्यांच्या बाबतीत खरं आहे. मी रोज हिशोबात असतो, म्हणून असेल, पण मराठी बायबलातला ‘ऋण’ हा शब्द मला ‘अपराध’पेक्षा जास्त लागतो. ऋण आहे की नाही हे भावनेवर ठरत नाही.

मग निवड? मी ज्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात वाढलो, ते 1970 मध्ये अनेक मंडळ्यांच्या मिलनातून झालेलं. बहुतेक मेथडिस्ट तेव्हा बाहेर राहिले. त्यातलंच माझं ठाण्याचं सेंट जेम्स 1825 सालचं, मूळ अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चचं), आणि अँग्लिकनांच्या एकोणचाळीस कलमांतलं पंधरावं म्हणतं की पापावाचून एकटा ख्रिस्त. मी तिथंच उभा आहे. आयुष्यभर निष्पाप राहिलेला माणूस मी पाहिला नाही आणि शास्त्र तसं वचन देतं असंही मला दिसत नाही. मात्र वेस्लीकडून मी एक गोष्ट घेतली आहे आणि सोडणार नाही. आयुष्यात पाप होईलच, हे खरं. पण आज सकाळी काट्यापाशी गप्प बसायलाच हवं होतं, हे खोटं. पहिल्या करिंथकरांस पत्राचा दहावा अध्याय सांगतो की प्रत्येक मोहाबरोबर देव निभावण्याचा मार्गही ठेवतो. त्या सकाळी तो मार्ग माझ्यापासून चार पावलांवर, शेठच्या गादीपाशी होता.

तुमचं ठरायचं असेल तर आधी स्वतःची प्रकृती ओळखा. बारीकसारीक गोष्टींनी जीव पोखरत असेल, तर ‘पापमुक्त जीवन’ असं लिहिलेल्या फलकाखाली तूर्त बसू नका. ल्यूथरच्या लोकांत बसा, किंवा लहान-मोठं पाप वेगळं करून सांगणाऱ्या एखाद्या जाणत्या फादरशी बोला. उलट एखादं पाप पोसून त्याला स्वभाव म्हणत असाल, तर मेथडिस्टांच्या वा मुक्तिफौजेच्या पवित्रतेच्या सभेला जा आणि अंगाला लावून घ्या. कुठंही गेलात तरी तिथल्या पुढाऱ्याला एवढं विचारा: तुम्ही शेवटची माफी कुणाची आणि कधी मागितलीत? उत्तर द्यायला त्याला किती वेळ लागतो, तेही बघा.

भाचीनं अजून ठरवलेलं नाही. फेलोशिपला ती जातेच, तिथल्या बायकांनी तिला बाळंतपणात सांभाळलंय. पण मागच्या महिन्यात पहिल्या रविवारी ती ठाण्याला आली आणि माझ्या शेजारी बसली. पापांगीकार सुरू झाला तेव्हा तिनं पुस्तक उघडलं नाही, तिला तो पाठ आहे. शेवटी तिची आई मागच्या बाकावरून तिच्याजवळ सरकली. भाकरीचं ताट आलं तेव्हा तिनं हात पुढे केला की नाही, हे मी पाहिलं नाही. माझे डोळे मिटलेले होते.