सिरप की बी-हेवी मळी? डिस्टिलरीचा निर्णय घेणाऱ्यांसाठी

साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत इथेनॉल करायचं ते सिरपपासून, म्हणजे साखर न काढता आटवलेल्या उसाच्या रसापासून, की बी-हेवीपासून, म्हणजे साखर पूर्ण काढण्याआधीच बाजूला घेतलेल्या मळीपासून? नुसता दर पाहिला तर सिरप पुढे आहे. २०२४-२५ च्या पुरवठा वर्षात सिरपच्या इथेनॉलला लिटरमागे ६५.६१ रुपये, बी-हेवीला ६०.७३ आणि सी-हेवीला (साखर पूर्ण काढून उरलेल्या मळीला) ५७.९७ असा दर होता. एक किलो साखर सोडली की ढोबळमानाने ६०० मिली इथेनॉल हाती येतं, म्हणजे सिरपच्या वाटेने किलोला ३९ रुपयांच्या आसपास. त्यातून यीस्ट, वाफ आणि स्पेंटवॉशचा (डिस्टिलरीच्या सांडपाण्याचा) खर्च वजा करा. साखरेसाठी लागणाऱ्या गंधक आणि पोत्यांचा वाचलेला खर्च मिळवा. माझ्या अंदाजाने साखर किलोला ३६ रुपयांच्या खाली असेल तर सिरप परवडतं, ३८ ओलांडली की साखरच बरी. मधल्या पट्ट्यात हिशेब हवा तसा झुकवता येतो, म्हणून संचालक मंडळापुढे फक्त हा दरांचा तक्ता ठेवू नये.

तक्त्यात न दिसणाऱ्या दोन गोष्टी आहेत. २०२२-२३ ते २०२४-२५ या काळात सिरप आणि बी-हेवीचे दर जागचे हलले नाहीत. एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, मात्र टनाला ३,०५० वरून ३,४०० झाला, आणि २०२५-२६ ला ३,५५०. दुसरी गोष्ट आपल्या कोल्हापूरकडचा उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेची टक्केवारी. बारा टक्क्यांच्या घरातल्या उसातून साखर काढणं मुळात स्वस्त पडतं. शिवाय इथेनॉलकडे वळवलेली साखर एफआरपीच्या हिशेबात परत धरावी लागते. बी-हेवीत उताऱ्यातली घट दीड टक्क्याच्या आसपास असते. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचा दाखला दाखवून ती सभासदाला पटवता येते. सिरपात आकडा कितीतरी मोठा होतो. उसाच्या पहिल्या हप्त्यावरून ऊस अडवला जातो त्या जिल्ह्यात हा आकडा लहान असलेला बरा.

तरी माझा कल ठरला तो यावर नाही. सिरप थांबत नाही, या एकाच त्रासावर ठरला.

सिरप असतं ५५ ते ६० ब्रिक्सचं (ब्रिक्स म्हणजे त्यात विरघळलेल्या साखरेसारख्या घटकांची टक्केवारी). टाकीत थंड होऊ लागलं की आंबतं, गरम ठेवलं तर रंग चढतो आणि साखरेचं इन्व्हर्जन होतं, म्हणजे ती ग्लुकोज-फ्रुक्टोजमध्ये मोडते. त्यामुळे मिल आणि डिस्टिलरी एकमेकींच्या पायाला बांधल्यासारख्या होतात. रोज ६० हजार लिटरच्या प्लँटला दिवसाला साधारण १०० टन साखरेइतकं सिरप लागतं, म्हणजे जवळपास आठशे टन उसाचं. टोळ्या कमी आल्या, अवकाळी पावसाने ट्रॅक्टर शेतात जाईना किंवा आंदोलनात वाहतूक अडली, की मिल थांबते आणि काही तासांत फर्मेंटरचं फीड तुटतं. फीड तुटलेलं यीस्ट पुन्हा जोमाला आणण्यात दिवस जातो.

उलट बाजूनेही तेच. स्पेंटवॉश जाळणाऱ्या इनसिनरेशन बॉयलरच्या नळ्यांवर राख बसली, किंवा तेल कंपन्यांच्या डेपोवर टँकर अडकून इथेनॉलच्या टाक्या भरल्या, तर सिरप परत पॅनकडे, म्हणजे साखर शिजवायच्या भांड्याकडे, घ्यावं लागतं. तोवर पॅन थंड झालेला असतो आणि रस आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरमधून पॅनला जाणाऱ्या वाफेचं प्रमाण बदललेलं असतं. त्यात यीस्टला गंधक चालत नाही म्हणून डिस्टिलरीचं सिरप सल्फिटेशनच्या, म्हणजे गंधकाने रंग उजळण्याच्या, आधीच काढलेलं; ते आता पुन्हा त्या टाकीतून न्यायचं. रात्रपाळीत ही उलटापालट कुणालाच नीट जमत नाही. बी-हेवी मळी ८५ ब्रिक्सच्या वरची, महिनोन्‌महिने टिकते. साखर चढली तर गाळप चालू असेपर्यंत पुन्हा उकळून सी साखरही काढता येते.

सरकारी धोरणाच्या झटक्यातही हाच फरक दिसला. ७ डिसेंबर २०२३ ला ऐन गाळपात रस आणि सिरपाच्या इथेनॉलवर बंदी आली. आठवड्याभराने १७ लाख टन साखरेच्या मर्यादेत सूट मिळाली. सिरपवाल्यांचं फीड एका आदेशात गेलं. बी-हेवीवालेही अडकले, पण त्यांचा माल टाकीत होता. एप्रिल २०२४ मध्ये सुमारे ६.७ लाख टन बी-हेवीला परवानगी मिळाली तेव्हा तो कामी आला. जूनमध्ये केंद्रात नवं सरकार बसलं, ऑगस्टअखेर बंधनं उठली, २०२५-२६ लाही मर्यादा नाही. दार उघडं झालं, पण मागणी सरकली आहे. २०२५-२६ च्या सुमारे १,०४८ कोटी लिटरच्या वाटपात ऊसआधारित इथेनॉलचा वाटा २८ टक्क्यांच्या आसपास, एकट्या मक्याचा ४५ च्या वर. पेट्रोलमध्ये २० टक्के मिश्रणाचं लक्ष्य गाठून झालं. ज्या महिन्यात तेल कंपन्यांची इथेनॉलची उचल कमी, त्या महिन्यात मळी वाट पाहते, सिरप पाहत नाही.

बी-हेवीला जपावं लागतं, हेही तितकंच खरं. रोज ५,००० टन ऊस गाळणाऱ्या मिलला उसाच्या साडेसहा टक्क्यांनी ३२५ टन मळी निघते; ६० हजार लिटरच्या प्लँटला २०० टन पुरते. ११० दिवसांच्या गाळपात पावणेचौदा हजार टन उरते, त्यावर प्लँट पुढे दोन महिन्यांहून अधिक चालतो. तेवढ्या टाक्या आधी हव्यात. मळी ४० अंशांखाली आणूनच टाकीत सोडा, रोज तीन पातळ्यांवर तापमान लिहा, ४५ कडे सरकलं की रिसर्क्युलेशन पंप आणि पत्र्यावर पाण्याचा फवारा. हे चुकलं तर मळी आतून फसफसून वर येते आणि साखर जळते. पावसाळ्यात धोका वेगळा: मॅनहोलमधून पाणी शिरलं की वरचा थर पातळ होऊन आंबतो. शाहूवाडी-पन्हाळ्याकडच्या पावसाला गॅस्केट मे महिन्यातच बदललेलं हवं. मॅश कॉलममध्ये, म्हणजे आंबवलेला द्रव उकळणाऱ्या मनोऱ्यात, कॅल्शियमची खपली धरते ती वेगळीच. सिरपात ती फार कमी, स्पेंटवॉशही हलका. मात्र सिरपाला युरिया आणि डीएपी जास्त द्यावं लागतं.

सिरप अगदी सोडा असं म्हणणार नाही. लाइन असेल तर डिसेंबर-जानेवारीत, ऊस भरपूर असताना आणि उचलीची तारीख हातात असताना, क्षमतेच्या तिसऱ्या हिश्शाइतकं चालवावं, बाकी बी-हेवी. नवी लाइन टाकायची असेल तर आधी मल्टिफीडचा, म्हणजे मळीसोबत धान्यावरही चालणाऱ्या प्लँटचा, खर्च काढून पाहा: सहकारी कारखान्यांना त्यासाठी मार्च २०२५ पासून ६ टक्के किंवा व्याजदराच्या निम्मी, यांपैकी कमी असेल ती व्याजसवलत पाच वर्षं मिळते.