जुना घडीचा चाकू घ्यायचाय? स्विस, अमेरिकन की रामपुरी

"कंपनी बंद हो गयी साब, अभी नहीं मिलेगा." चोरबाजारात मटन स्ट्रीटवर घड्याळ हातात घ्या, कॅमेरा घ्या नाहीतर घडीचा चाकू, हे वाक्य ठरलेलंच. बरेचदा ते खरंही असतं. पण कंपनी बंद पडली म्हणजे माल दुर्मिळ झाला, आणि दुर्मिळ झाला म्हणजे उद्या जास्त पैशाला जाणार, या दोन पायऱ्या गिऱ्हाईक आपणहून चढतं. दोन्ही कच्च्या आहेत.

हा आढावा मुंबईत राहून संग्रहासाठी पहिला-दुसरा जुना चाकू घेऊ पाहणाऱ्यांसाठी आहे. उद्या नको झाला तर घातलेले पैसे बहुतेक परत यावेत, एवढीच अपेक्षा धरलेली आहे. नफाच हवा असेल तर झवेरी बाजार फार लांब नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो: सुरुवात स्विस चाकूनं करा, अमेरिकेत कोणी घरचं माणूस असेल तरच तिकडच्या चाकूंकडे वळा, आणि रामपुरी घ्यायचाच असेल तर विकायचा विचार सोडून घ्या.

काय बंद पडलं, ते आधी विचारा

कारखान्याला टाळं लागणं, ब्रँड गुंडाळला जाणं आणि एखादं मॉडेल यादीतून जाणं या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि तिन्हींचा भावावर परिणाम वेगळा होतो.

न्यू यॉर्क राज्यातल्या एलनव्हिलचा इम्पीरियल श्रेड हा कारखाना २००४ मध्ये बंद झाला. 'ओल्ड टायमर' आणि 'अंकल हेन्री' ही त्यांची नावं अमेरिकेत शेतकऱ्यापासून शिकाऱ्यापर्यंत सगळ्यांच्या खिशात होती. पुढे ती नावं दुसऱ्या कंपनीनं विकत घेतली आणि त्याच नावाचे चाकू चीनमध्ये बनून येऊ लागले. त्यामुळे 'ओल्ड टायमर' म्हणून समोर येणारा चाकू दोहोंपैकी कोणताही असू शकतो. पात्याच्या बुडाशी, जिथे ते मुठीत शिरतं तिथे, 'यू.एस.ए.'चा ठसा आहे का ते बघायचं. तो असला तरी लगेच खूश होऊ नका. हे चाकू दशकानुदशकं ढिगानं निघाले, आजही घराघरांतल्या खणांतून बाहेर पडतात. कारखाना कायमचा गेला, तरी साध्या मॉडेलांचा भाव बेताचाच राहिला. २००७ मध्ये दिवाळ्यात गेलेल्या कॅमिलस या दुसऱ्या अमेरिकन चाकू कंपनीचंही तेच.

मॉडेल बंद होण्याची गोष्ट आणखी फसवी. कोलोरॅडोतल्या गोल्डनची स्पायडर्को कंपनी आपली जुनी, यादीतून काढलेली मॉडेलं मधूनच एकदा मर्यादित संख्येत परत काढते. याला 'स्प्रिंट रन' म्हणतात. पोलाद वेगळं, मुठीचा रंग वेगळा, आकार तोच. ज्यांना तो चाकू वापरायला हवा होता ते या नव्याकडे वळतात, आणि मूळच्या चाकूला पहिल्याच खेपेचा हट्ट असलेले मोजके लोक उरतात. ज्याच्या मालकाकडे अजून साचे, यंत्रं आणि नाव शाबूत आहे, अशा 'बंद' मालाला दुर्मिळ म्हणून जास्त पैसे देताना दहादा विचार करावा.

स्विस: भाव मध्यम, पण गिऱ्हाईक इथेच

व्हिक्टोरिनॉक्स १८८४ पासूनची, श्वीझ प्रांतातल्या इबाखची. वेंगर डेलेमोंची. स्विस सैन्याला चाकू पुरवण्याचं काम या दोघींनी अनेक दशकं वाटून घेतलं. २००५ मध्ये व्हिक्टोरिनॉक्सनं वेंगर विकत घेतली आणि २०१३ मध्ये वेंगर नावाचे चाकू थांबवायचं जाहीर केलं. नाव मात्र घड्याळांवर आणि बॅगांवर चालू राहिलं, म्हणून मॉलमध्ये वेंगरची बॅग पाहिलेला माणूस "कंपनी कुठे बंद झालीये?" म्हणून हुज्जत घालतो. त्याचंही बरोबरच आहे. शिवाय वेंगरचे बरेचसे ८५ मिलिमीटरचे चाकू पुढे व्हिक्टोरिनॉक्सच्याच नावानं निघत राहिले. संपला तो पात्यावरचा ठसा. साध्या लाल वेंगरला त्यामुळे फारसा भाव नाही. डबा-कागदासकट न वापरलेला असेल, किंवा ज्याची जोडी व्हिक्टोरिनॉक्सनं पुढे चालवली नाही असं मॉडेल असेल, तर गोष्ट वेगळी. वेंगरच्या कात्रीला मात्र मी कधीही पैसे देईन. व्हिक्टोरिनॉक्सच्या कात्रीतली बारीक स्प्रिंग तुटते किंवा निसटते. वेंगरच्या कात्रीत ती सुटी स्प्रिंगच नाही.

मुंबईतून सुरुवात करणाऱ्याला मी एकच चाकू सुचवेन: सैन्याचा १९६१ चा 'सोल्जर'. ९३ मिलिमीटर, खवल्याखवल्यांची अॅल्युमिनियमची मूठ, तिच्यावर लाल ढालीत पांढरा क्रॉस, आणि चार अवजारं. सैन्यानं २००८ मध्ये मोठा, एका हातानं उघडणारा नवा चाकू निवडला आणि या मॉडेलचं सैन्यातलं काम संपलं. याच्या पात्याच्या बुडाशी वर्षाचे दोन आकडे ठोकलेले असतात: ६७, ८४, ९३. त्यामुळे वय विक्रेत्याच्या शब्दावर राहत नाही, आणि संग्रह करणाऱ्यांना आपलं जन्मवर्ष, लग्नाचं वर्ष शोधायचा नाद असतोच. मूठ रिव्हेटांनी पक्की बसवलेली असते, सहज बदलता येत नाही. लाल प्लास्टिकच्या चाकूंचं तसं नाही. त्यांच्या पट्ट्या निघतात, नव्या बसतात, दातकोरणं आणि चिमटाही नवा मिळतो. रंग नवा नि पातं झिजलेलं, अशी जोडी दिसली की समजायचं काय ते.

याची मर्यादाही सांगतो. जवळपास असाच 'पायोनियर' आजही दुकानात नवा मिळतो. सोल्जरचा भाव त्यामुळे फार उंच जात नाही. पण तोच आकार, तीच मूठ ओळखीची असल्यानं इथे गिऱ्हाईक मिळतं. व्हिक्टोरिनॉक्स म्हटलं की डोंबिवलीपासून कुलाब्यापर्यंत कोणाला समजावून सांगावं लागत नाही, आणि परत विकताना हीच गोष्ट सगळ्यात उपयोगाची ठरते.

अमेरिकन: माल सरस, बाजार लांब

दुर्मिळता मोजायला अमेरिकन चाकूंइतकी सोय दुसरीकडे नाही. पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्डची केस कंपनी घ्या. १९७० मध्ये त्यांनी पात्याच्या बुडाशी नावाखाली दहा ठिपके दिले आणि दर वर्षी एक कमी करत गेले. सात ठिपके म्हणजे १९७३, एक ठिपका म्हणजे १९७९. बक कंपनीनं १९८६ पासून दर वर्षाला एक खूण ठरवली. बकचा ११० हा पितळ-लाकडाचा जाडजूड चाकू १९६० च्या दशकापासून आजतागायत निघतोय, म्हणून नुसता '११०' दुर्मिळ नसतो, त्याचं एखादं सुरुवातीचं वर्ष किंवा वेगळी मूठ असेल तर असतो.

हाडाच्या मुठीचा जुना केस हातात घेतला की बाकीचे चाकू खेळण्यासारखे वाटतात, हे मी मान्य करतो. पातं अर्ध्यावर येऊन थांबतं, मग पुढे खटकन बसतं. मिटतानाही तसाच आवाज. पण मुंबईच्या माणसाला तो दोनदा महाग पडतो. आणताना कुरिअर, सीमाशुल्क, आणि पार्सल तपासणीत अडकण्याची धाकधूक. विकताना इथे गिऱ्हाईक कमी, आणि खरं गिऱ्हाईक अमेरिकेत, तिथे पाठवायचा तर पुन्हा तोच खर्च. समजा, तिकडे शंभराला घेतलेला चाकू घरी येईपर्यंत दीडशेला पडला. तो इथे शंभरालाही विकायचा तर ठिपक्यांचा अर्थ कळणारा माणूस आधी शोधायला हवा. चुलत बहीण न्यू जर्सीहून येताना चेक-इन बॅगेत घालून आणणार असेल तर हिशेब बराच बदलतो. केबिन बॅगेत विसरला तर मात्र सुरक्षा तपासणीतच त्याला रामराम.

आयडाहोतल्या ख्रिस रीव्हच्या 'सेबेन्झा'सारखे महागडे आधुनिक चाकू ही निराळीच दुनिया आहे. 'सेबेन्झा २१' २०१९ मध्ये थांबला आणि त्याची जागा '३१'नं घेतली. त्याच्यासोबत बनवल्याची तारीख लिहिलेलं कार्ड येतं. कार्ड आणि डबा असेल तर विकताना भाव बरा मिळतो, नसेल तर लोक प्रश्न विचारतात. किंमत पाहता पहिल्या खरेदीसाठी मी याच्या वाटेला जाणार नाही.

रामपुरी: गोष्ट मोठी, पुरावा काहीच नाही

मुंबईकराला रामपुरी ओळखीचा झाला तो हिंदी सिनेमातून. उत्तर प्रदेशातल्या रामपूरच्या कारागिरांनी तो घडवला. साडेचार इंचांपेक्षा लांब पात्याच्या रामपुरीवर १९९० च्या दशकात तिथल्या सरकारनं बंदी आणली आणि धंद्याचं कंबरडं मोडलं. २०२३ मध्ये त्याच रामपुरात चौकात वीस फुटी चाकू उभारला गेला. ज्या वस्तूवर बंदी घातली तिचंच स्मारक, असं आपल्याकडे होतं.

संग्रहाच्या दृष्टीनं हा तिघांत सगळ्यात खरा 'संपत चाललेला' माल आहे. हातानं घडवलेला, कारागीर कमी होत गेलेले, पुन्हा त्याच प्रमाणात निघण्याची शक्यता कमी. तरीही पैशाच्या हिशेबात मी त्याला शेवटी ठेवतो. वर्षाचा ठसा नाही, मॉडेल क्रमांक नाही, कंपनीचं कॅटलॉग नाही. पितळी मूठ रसायन लावून जुनी भासवता येते. "साठ साल पुराना" या वाक्याला कशाशीच ताडून पाहता येत नाही, आणि ज्याचं वय सिद्ध होत नाही त्याला पुढचा गिऱ्हाईकही तुमच्या शब्दावर पैसे देणार नाही. त्यात कायद्याची टांगती तलवार. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची, घरकाम-शेती-उद्योगासाठी नसलेली हत्यारं २०१६ च्या शस्त्र नियमांत येतात. शिवाय मुंबईत महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली अधूनमधून निघणाऱ्या मनाई आदेशांत सार्वजनिक ठिकाणी चाकू बाळगण्याचाही समावेश असू शकतो. लहान पात्याचा, कागदोपत्री बिलासह घेतलेला, घरात भिंतीवर चौकटीत लावलेला रामपुरी छान दिसतो. तेवढ्यावर थांबावं.

हातात घेतल्यावर

आधी ठसा, मग पातं. वरचेवर धार लावलेलं पातं अरुंद होतं. मिटलेल्या चाकूत ते मुठीत नेहमीपेक्षा खोल बुडालेलं दिसतं, टोक आत गेलेलं असतं. सहाणेच्या चाकावर घासलेल्या पात्यावर आडव्या रेघा असतात आणि कडा गोल झालेल्या असतात. त्या पात्याची संग्रहातली किंमत तिथेच संपली, चाकू वापरायला कितीही चांगला असला तरी. उघडलेलं पातं अंगठा-बोटात धरून डावी-उजवीकडे हलवा. किंचित हललं तर भाव पाडा, खटखट वाजलं तर ठेवून द्या. विक्रेत्यानं ब्रासो लावून चकचकीत केलेला चाकू घेण्यापेक्षा डागाळलेला घ्यावा. डागाखाली काय आहे ते निदान दिसतं.

भाव ठरवताना लोक मागतात ती किंमत धरू नका. ऑनलाइन लिलावांत 'विकले गेलेले' अशी वेगळी यादी काढता येते, तीच पाहा. मागणारा काहीही मागतो, वर्षभर तसाच बसून राहतो.

आणि आपली हवा. जून ते सप्टेंबर कार्बन पोलादाचं पातं इथे दोन दिवसांत तपकिरी ठिपके धरतं. बरेचसे जुने केस आणि रामपुरी याच पोलादाचे असतात, स्विस चाकू स्टेनलेसचे. मी स्विस सुचवतो त्याचं निम्मं कारण हेच. चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि पितळ हिरवं पडतं. खोबरेल तेल चिकट होतं, त्याऐवजी शिलाई मशीनचं तेल एक थेंब. सेल्युलॉइडच्या रंगीबेरंगी मुठीचा जुना चाकू मिळाला तर तो बाकीच्यांपासून लांब ठेवा. ते प्लास्टिक कुजू लागलं की त्यातून आम्लाची वाफ निघते आणि शेजारच्या चाकूंची पातीही गंजवते.

विकायची वेळ आली की कुरिअरवाले धारदार वस्तू पाहून बहुधा नकार देतात, म्हणून इथला बराचसा व्यवहार ओळखीतून, समोरासमोर होतो. भेट स्टेशनच्या फलाटावर ठरवू नका. कोणाच्या तरी घरी किंवा दुकानात ठरवा, चाकू डब्यात बंद करून, बिलाची झेरॉक्स सोबत घेऊन जा.