साताऱ्यात दुरुस्त करून घेतलेली ड्रायव्हर सीट

पुण्याहून साताऱ्याला परतताना खंबाटकी घाट चढेपर्यंत माझी कंबर धरायची आणि उजव्या मांडीला मुंग्या यायच्या, म्हणून महामार्गालगतच्या एका सीट-कुशनवाल्यांकडे गाडी नेली. त्यांनी आधी मला सीटवर बसवून निरीक्षण केले, दबलेला फोम काढून अधिक घनतेचा घातला, गुडघ्यामागे दाब पडू नये म्हणून पुढची कड किंचित उतरती केली आणि पाठीत कमरपट्ट्याच्या उंचीवर हाताच्या पंजाएवढा आधार शिवून दिला. सीटच्या कडेत एअरबॅग असल्यामुळे तिकडची शिवण त्यांनी उसवली नाही, ही सावधगिरी मला सर्वांत मोलाची वाटली. काम दोन दिवस लांबले, याची मात्र नाराजी आहे. परवा पुण्याहून आलो, तेव्हा दाराचा आधार न घेता खाली उतरलो.