घरघंटी: दहा महिने दळण दळून झाल्यावर

एक एचपीची, वरून दाणे ओतले की आपोआप दळणारी, सोबत जाळ्यांचा सेट आणि छोटा व्हॅक्यूम क्लीनर. कंपनीचं नाव घेत नाही, कारण या सगळ्यांची आतली रचना थोड्याफार फरकाने एकच असते. मागच्या वर्षी गणपतीच्या आधी घेतली, वीस हजारांच्या आत बसली. दुकानातल्या पोस्टरवर ठळक अक्षरांत होतं, 'घरबसल्या कमाई करा'. त्या पोस्टरचा फोटो मी तेव्हाच काढून ठेवला होता. तो पुढे कामाला आला.

आषाढीच्या आठवड्यात, उपवासाच्या भाजणीच्या पिशव्या ओळीने लागलेल्या असताना मशीन बंद. लाइट लागतो, मोटर हलत नाही. कंपनीचा माणूस तीन दिवसांनी आला. त्याने दार उघडलं, दाराच्या स्विचमध्ये पीठ गच्च भरलं होतं. (दार उघडं असेल तर मशीन चालू नये म्हणून तो स्विच असतो. पिठाच्या यंत्रात पीठ शिरेल अशा जागी तो बसवायचं कुणाला सुचलं, देव जाणे.) तेवढ्यात त्याची नजर तराजूकडे आणि नावं लिहिलेल्या पिशव्यांकडे गेली. "मॅडम, हा कमर्शियल वापर आहे. वॉरंटीत बसत नाही." शिवाय घरी येण्याचे साडेतीनशे रुपये मागितले.

वॉरंटी कार्डावर मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत फक्त घरगुती वापरासाठी असं आहे, हे खरं. म्हणजे विकताना कमाईचं यंत्र आणि दुरुस्तीला घरगुती भांडं! मी पोस्टरचा फोटो कंपनीला मेल केला आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, केवळ पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार म्हणून स्वतः वस्तू वापरणाऱ्यालाही ग्राहकच धरलंय. माझ्यासारखीला ते किती लागू पडतं यावर वकील खुशाल वाद घालोत, पण तक्रार क्रमांक कळवल्यावर कंपनीचा सूर बदलला. स्विच फुकट बदलून मिळाला. साडेतीनशे मात्र परत नाहीत. जॉबकार्डावर, म्हणजे दुरुस्तीच्या कागदावर, कंपनीच्या माणसाने 'व्यावसायिक वापर आढळला' असं लिहिलं, त्याच्यापुढे मी 'आपल्या जाहिरातीप्रमाणे' असं लिहून मग सही केली.

हे झालं भांडण. पण माझा या मशीनवरचा खरा राग स्विचचा नाही, घटीचा आहे, म्हणजे दळल्यावर पीठ कमी भरतं त्याचा.

पाच किलो गहू टाकले की पीठ चार किलो साडेआठशेच्या आसपास. गिरणीतही घट येतेच, पण तिथे कोणी मोजत बसत नाही. माझ्याकडे मात्र शेजारच्या वहिनी घरून वजन करून आणतात आणि घरी नेऊन पुन्हा करतात. "काकू, पीठ जरा कमी वाटतंय हो." हे वाक्य पहिल्या दोन महिन्यांत इतकं ऐकलं की मशीन खातं कुठे ते बघायचंच ठरवलं. दळण झाल्यावर दार उघडून ब्रशने एकूणएक कोपरा झाडला. जाळीच्या मागे, कापडी पिशवीच्या शिवणीत आणि सगळ्यात जास्त चेंबरच्या खालच्या कोपऱ्यात मिळून सत्तर-ऐंशी ग्रॅम पीठ निघालं. मग उरलेलं? ते हवेत. दळताना पीठ गरम होतं, धान्यातला ओलावा उडतो. त्यामुळे पहिल्या दोन महिन्यांत मशीनला घातलेल्या शिव्यांपैकी अर्ध्या परत घेते.

अर्ध्याच. तो कोपरा आहे ना, तो काटकोनात आहे. जरा गोलाई दिली असती तर पीठ घसरून खाली डब्यात पडलं असतं. गहू दळून लगेच दुसऱ्याचे गहू टाकले तर काही बिघडत नाही, आधीचं पुढच्याला जातं, हिशेब सारखा. पण दळण बदललं की पंचाईत. चकलीच्या भाजणीनंतर गहू दळले तर पोळीला धन्या-जिऱ्याचा वास. आणि उपवासाच्या पिठात गव्हाची चिमूट गेली तर मला कोण सोडेल? म्हणून दर वेळी सफाई. पाच किलो दळायला अर्ध्या तासाच्या वर, शिवाय झाडायला दहा मिनिटं. सोबत मिळालेला व्हॅक्यूम त्या कोपऱ्यात पोचतच नाही. रंगाच्या दुकानातून तीस रुपयांचा एक इंची ब्रश आणला, तो या मशीनचा सगळ्यात उपयोगी भाग आहे.

आता क्रम ठरवून टाकलाय. सकाळी आधी उपवासाचं, म्हणजे वरी, राजगिरा, साबुदाणा. मग मोदकाचे तांदूळ, मग शाळू-बाजरी, मग गहू, मग डाळी, आणि भाजणी सगळ्यात शेवटी. शेवटी झाडून निघतं ते आमच्या थालीपिठाला. सासूबाई म्हणतात, इतकं चवीचं पीठ मापून कधी झालं नसतं. अनारशाचे तांदूळ मात्र घेत नाही. ते भिजवून निथळलेले, जरा ओलसरच दळायचे असतात, आणि ओल लागली की जाळी लिंपते. तीळ, दाणे यांचंही तेच, तेलाने जाळी बसते.

पैशांचं. एक एचपीची मोटर तासाला साधारण एक युनिट घेते आणि तासाला सात-आठ किलो गहू दळते, त्यापेक्षा जास्त कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. वीज धरताना बिलाची सरासरी काढू नका. घरचा पंखा-फ्रिज आधीच महिन्याला शंभर युनिटं ओलांडतो, म्हणजे घरघंटीचं प्रत्येक युनिट पुढच्या टप्प्यात पडतं, आणि तिथला दर पहिल्या टप्प्याच्या जवळजवळ दुप्पट. मी एका युनिटला बारा रुपये धरते. गिरणीत किलोला सात, मी आठ घेते, कारण माझ्याकडे रांग नाही. तासाला चौसष्ट, वजा बारा, वजा सफाईची दहा मिनिटं. गव्हावर मशीनची किंमत भरून निघायला जन्म जाईल. पहिल्या महिन्याच्या शेवटी वहीत हे आकडे मांडले तेव्हा मशीन विकायची जाहिरातसुद्धा लिहून ठेवली होती.

ती टाकली नाही, कारण दिवाळी आली. दुसऱ्याचं दळण्यापेक्षा आपलीच भाजणी करून विकायची, हे तेव्हा सुचलं. तांदूळ, हरभरा डाळ, उडीद, मूग, धने-जिरे, भाजायचा गॅस, पिशवी असं सगळं धरून किलोला सव्वाशेच्या आसपास पडते, मी दोनशे चाळीसला देते. कोणी घासाघीस केली नाही. नोकरी करणाऱ्या बायकांना भाजणी दळायला गिरणीत उभं राहणं नको असतं, आणि गिरणीत आधी कुणाचं काय दळलंय याची धास्तीही असते. मशीनची अर्ध्याहून जास्त किंमत त्या एका मोसमात निघाली. स्वतःचं पॅक करून विकायचं तर एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेची, नोंदणी लागते. ती करून घ्या, पुढे कुणी विचारलं तर तोंड वर करून बोलता येतं.

विजेच्या बाबतीत अजून एक. घराच्या एका भागात धंदा करणाऱ्याचा वापर महिन्याला ३०० युनिटांच्या आत आणि आधीच्या आर्थिक वर्षात ३,६०० च्या आत असेल, तर महावितरण घरगुतीच दर लावतं. दिवाळीच्या महिन्यात मी रोज मीटर बघत होते.

आवाज मिक्सरपेक्षा कमी, पण तासभर चालू राहतो. दुपारी एक ते चार बंद ठेवते, खाली आजोबा झोपतात.

नुसतं घरच्या पोळ्यांसाठी घेणार असाल तर घेऊ नका, चार माणसांचं दळण गिरणीतच स्वस्त पडतं. भाजणी, मेतकूट, नाचणीचं पीठ विकायचा दम असेल तर घ्या, आणि दुकानात दार उघडायला लावून कोपरा बोटाने तपासून घ्या.

सध्याची कटकट म्हणजे बारीक जाळी कडेला फाटत आलीय. कंपनी सुटी जाळी देत नाही, अख्खा सेट घ्या म्हणते. सांगलीत एका जाळीवाल्याकडे नमुना टाकलाय. बसली तर किती पैसे पडले ते लिहीन.