भाषण आवडलं: दुवा पाठवायचा की तुकडा कापून?

टेड (TED) या परिषदेतलं भाषण सहसा 18 मिनिटांच्या आतलं. तरी व्हॉट्सअॅप गटावर नुसता दुवा टाकला की बहुतेक जण अंगठा दाखवून पुढे जातात. म्हणून लोक स्क्रीन रेकॉर्डिंग करून मिनिटभराचा तुकडा पाठवतात. तो लगेच पाहिला जातो, हे खरंच.

पण गोची तिथेच होते. वक्ता आधी लोकांचा समज मांडतो आणि मग तो खोडतो. कात्री मध्येच लागली की खोडलेलं विधानच त्याचं मत म्हणून फिरतं. वक्त्याचं नाव गळतं, मूळ भाषण शोधायला धागा उरत नाही. शिवाय टेडच्या परवान्यात भाषण जसंच्या तसं, श्रेय देऊन, बिगरव्यावसायिक कामासाठी वाटायला मुभा आहे, कापाकापीला नाही.

दुव्याचं दुखणं वेगळं: नेमकं काय पाहायचं ते कळत नाही. त्यावर उपाय आहे. संगणकावर यूट्यूबचं ‘शेअर’ दाबा, खालच्या वेळेच्या चौकटीत टिक करा, हवी ती वेळ, उदा. 7:40, भरा आणि मगच दुवा कॉपी करा. आधी कॉपी केलात तर भाषण पहिल्यापासूनच सुरू होतं. महत्त्वाच्या वाक्याच्या 20-30 सेकंद आधीची वेळ द्या, संदर्भ राहतो. वर दोन ओळी मराठीत: कोण बोलतंय, मुद्दा काय, किती मिनिटं पाहायचं.

तुकडा स्टेटसला टाकला तर 24 तासांत जातो, परवान्याची अडचण तरीही उरते. चर्चा हवी असेल तर मात्र वेळ लावलेला दुवाच.