दिव्यांग मुलांच्या खेळाच्या तासासाठीचं शिक्षक-प्रशिक्षण कसं आहे?

खेळाच्या तासाला दिव्यांग मूल दप्तरं राखतं नाहीतर गुण लिहितं, आणि नोंदवहीत मात्र ‘सहभाग घेतला’ असं येतं. जिल्हा परिषद शाळांच्या शिक्षकांसाठी विदर्भातल्या एका तालुक्याच्या ठिकाणी भरणारं हे तीन दिवसांचं प्रशिक्षण नेमकी हीच सवय मोडायला शिकवतं. म्हणून शिक्षक जरूर पाठवावेत. एक खोट अशी की शिकवणं गुळगुळीत फरशीच्या सभागृहात होतं आणि आपली मुलं खेळतात काळ्या मातीवर किंवा मुरमावर.

सगळ्यात सरस सत्र खो-खोचं. खो देताना पाठीला हात लावायचा आणि ‘खो’ म्हणायचं, असा नियम आहेच. कर्णबधिर मुलाला त्यातला स्पर्श पुरतो, अंध मुलाला स्पर्शासोबत शब्दही मिळतो. म्हणजे खेळ न बदलता अर्धं काम झालं. उरलेल्या अर्ध्यासाठी शिटीबरोबर पंचाच्या हातात झेंडा, आणि उकिडवं बसता न येणाऱ्याला चौकात उभं राहायची मुभा. लगोरीत सातऐवजी तीन मोठ्या, चपट्या ठिकऱ्या. जागा, कृती, साहित्य आणि सोबतचे गडी या चारपैकी एका वेळी एकच गोष्ट बदला, हे इथं पक्कं डोक्यात बसतं. चारही एकदम बदलल्या की कशानं जमलं ते कळत नाही, आणि बाकीच्या वर्गाला तो खेळ आपला वाटेनासा होतो.

गोलबॉल, म्हणजे आवाजावरून चेंडू ओळखून खेळायचा अंधांचा खेळ, सभागृहात झकास चालतो. मूळ मैदान १८ बाय ९ मीटर, घुंगरांचा चेंडू १.२५ किलोचा, दोन्हीकडे तीन-तीन खेळाडू आणि सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी. पण भुसभुशीत मातीत तोच चेंडू रुततो, आणि चेंडू फिरायचा थांबला की घुंगरं गप्प. प्रशिक्षणात यावर अवाक्षर नाही. उपाय अवघड नाही: शाळेच्या व्हरांड्यात एकास एक खेळवा, खांबांना गोणपाट गुंडाळा. सीमारेषेसाठी सुतळी अंथरून वरून टेप लावतात, म्हणजे पायाला रेघ कळते. पण धुळीवर टेप धरत नाही, आधी फरशी ओल्या फडक्यानं पुसून कोरडी होऊ द्यावी लागते. घुंगरांचा चेंडू नसेल तर साधा चेंडू चुरचुरणाऱ्या पातळ पिशवीत बांधा. आणि शेजारच्या वर्गाची मधली सुट्टी असताना हा खेळ लावू नका. गोंगाटात मुलाला काहीच ऐकू येत नाही.

बोचियाचं, म्हणजे बसल्या जागेवरून आपला चेंडू लक्ष्याच्या चेंडूजवळ टाकायच्या खेळाचं, सत्रही चांगलं. मूळ चेंडू २७५ ग्रॅमचा, घेर २७ सेंटिमीटर. हात न उचलणाऱ्या मुलासाठी चार इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून उतार करायचा, ही युक्ती घेण्यासारखी आहे. कापडी चेंडू घरी शिवताना मात्र भरणी सांभाळा: सैल भरला तर नळीतच बसतो, फार गच्च भरला तर उसळून भलतीकडे जातो. ज्वारी-तांदूळ भरू नका, उंदीर पोतडीसकट कुरतडतात.

खरी तक्रार सुरक्षिततेच्या भागाबद्दल आहे. त्याला शेवटच्या दिवशी जेमतेम अर्धा तास मिळतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि त्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आहे. पूर्व विदर्भातल्या शिक्षकाला चाकाच्या खुर्चीपेक्षा सिकलसेलचं मूल आधी भेटण्याची शक्यता जास्त. या मुलाला तहान लागायच्या आधी पाणी, स्वतःच्या वेगानं धावणं आणि मागेल तेव्हा विश्रांती हवी. वेळ लावून पळवणं नको, शिक्षा म्हणून मैदानाच्या फेऱ्या तर मुळीच नकोत. थंडीच्या सकाळी अंगात स्वेटर असावा, कारण गारठ्यानंही दुखणं उसळतं. छातीत किंवा हातापायांत कळा आल्या, धाप लागली, की खेळ बंद आणि थेट दवाखाना. हे ‘आळशी आहे’ म्हणून ढकललं जाणारं मूल असतं, म्हणून इतकं लिहिलं.

डाउन सिंड्रोमच्या मुलांच्या मानेचे वरचे मणके सैल असू शकतात. डॉक्टरांनी तपासून होकार दिल्याशिवाय कोलांटउडी, शीर्षासन, हलासन नाही. कमरेखाली संवेदना नसलेल्या मुलाला बसून व्हॉलीबॉल खेळवताना आधी जमीन झाडा: सराट्याचा काटा रुतला तरी त्याला कळत नाही, उन्हानं तापलेली ताडपत्री भाजली तरीही नाही. जाड सतरंजी घाला, दर पंधरा मिनिटांनी दोन्ही हात टेकवून बूड उचलायला लावा आणि खेळ संपल्यावर कातडी लाल झाली का ते बघायला पालकांना सांगा. मुरमावर चाकाच्या खुर्चीची पुढची लहान चाकं अडतात आणि मूल तोंडावर पडतं. तेवढा पट्टा पार करताना खुर्ची मागच्या मोठ्या चाकांवर तोलून न्यावी, आणि मुलाच्या कमरेचा पट्टा बांधलेलाच असावा.

हातपुस्तिका ठीक आहे, चित्रं मात्र परदेशी व्यायामशाळांची.

शाळेतून एकटा क्रीडाशिक्षक पाठवू नका, केंद्रावरच्या विशेष शिक्षकालाही सोबत धाडा. नोव्हेंबर ते जानेवारीची तुकडी मिळाली तर उत्तम. तेव्हा चिखल वाळलेला असतो, ऊन चढलेलं नसतं, आणि शिकलेलं दुसऱ्याच आठवड्यात मैदानावर करून बघता येतं.